बांधकाम ठेकेदारांचे कायदेशीर प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपालिका यांची कामं घेणारे आणि सोबत खासगी बंगले, सोसायट्या बांधणारे महाराष्ट्रातले लहान-मध्यम ठेकेदार जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं घेतले आहेत. मोठ्या कंपन्यांकडे विधी विभाग असतो. पाच-पन्नास लाखांपासून दोन-चार कोटींची कामं करणाऱ्या माणसाकडे एक सुपरवायझर, एक सीए आणि डिकीत फायलींचा गठ्ठा असतो. हे पान त्याच्यासाठी आहे. काम चोख होऊनही पैसे बुडालेली प्रकरणं तपासली, की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सापडते : ज्या दिवशी पत्र द्यायला हवं होतं, त्या दिवशी ते दिलं गेलं नाही. कायदा ठेकेदाराच्या बाजूने बराच आहे, पण तो कागदावर चालतो.

वर्क ऑर्डर हातात आहे. मग करारनामा वेगळा वाचायची गरज काय?

वाद झाला की न्यायालय वर्क ऑर्डरवर थांबत नाही. निविदा सूचना, अटी-शर्ती, शेड्यूल बी (कामाच्या बाबी, परिमाण आणि दर यांचा तक्ता), नकाशे, निविदापूर्व बैठकीचं इतिवृत्त हे सगळं मिळून करार होतो, आणि ऑनलाइन निविदा भरताना डिजिटल सही केली की ते सगळं तुम्ही मान्य केलेलं असतं. किमान पाच गोष्टी निविदा भरण्याआधीच शोधा : बिल किती दिवसांत मिळणार, उशिराचा दंड किती, जादा कामाचा दर कसा ठरणार, साहित्याचे भाव वाढले तर भावफरक मिळणार का, आणि वाद कुठं जाणार.

खासगी कामात उलट अडचण असते. लेटरहेडवरचं कोटेशन आणि मालकाचा फोनवरचा होकार, एवढ्यावर चाळीस लाखांचा बंगला उभा राहतो. तोंडी करार कायद्याने चालतो, पण सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. दोन पानांचा करार करा : दर चौरस फुटावर की मोजमापावर, बांधणी क्षेत्र कसं मोजणार, सिमेंट-स्टील कुणाचं, हप्ते कोणत्या टप्प्यावर, बदल सांगितला तर पैसे कसे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत कलम ६३ खाली कामाच्या कंत्राटालाही शुल्क आहे. ते कमी भरलं म्हणून करार रद्द होत नाही, तो दोष दुरुस्त करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १३ डिसेंबर २०२३ रोजी सांगितलं आहे. पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो कागद पुराव्यात वाचला जात नाही.

साहेबांनी तोंडी सांगितलं म्हणून जादा काम केलं. आता 'मंजुरी नाही' म्हणतात. पैसे मिळतील का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. उत्तर होकारार्थी आहे, पण वाट लांबची आहे.

शासनाचा करार राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्यपालांच्या नावाने, अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने, लेखी करावा लागतो. शाखा अभियंत्याने साईटवर 'ही मोरी पण करून टाका' म्हटलं, तर तो करार नव्हे. तरीही काम फुकट जात नाही, कारण भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७० आहे : एखाद्याने फुकट करण्याचा हेतू न ठेवता दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यावा.

यावरचा निकाल आजही वकील काढतात तो बंगालचा आहे. १९४४ मध्ये बी. के. मंडल अँड सन्स या फर्मला अन्नपुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांनी आरामबाग इथं गोदामं, रखवालदाराची खोली, स्वयंपाकघर, कच्चा रस्ता असं बांधायला सांगितलं. काम झालं, खात्याने वापरलं आणि पैशांच्या वेळी 'करार रीतसर नाही' म्हणून हात वर केले. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला : नको होतं तर नाकारायचं होतं, वापरलंत, तर मोबदला द्या. कामाला आणि निकालाला मिळून सतरा वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा.

म्हणून तोंडी आदेश आला त्याच संध्याकाळी एक ओळीचं पत्र किंवा ईमेल करा : 'आज आपण साईटवर दिलेल्या सूचनेनुसार साखळी क्रमांक अमुक इथं पाईप मोरीचं काम उद्यापासून सुरू करत आहोत. हे काम शेड्यूल बी मध्ये नाही. दर चालू दरसूचीप्रमाणे धरावा.' सूचना चुकीची असेल तर अधिकारी लगेच उत्तर देतात. गप्प राहिले तर ती शांतता पुढं तुमच्या कामी येते. काम झाकलं जाण्याआधी, म्हणजे पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) पडण्याआधी किंवा खड्डा बुजण्याआधी, टेप लावून फोटो काढा आणि एमबीमध्ये (खात्याच्या मोजमाप पुस्तकात) नोंद करायला लेखी मागणी करा. जमिनीखाली गेलेलं काम नंतर कुणालाच दाखवता येत नाही.

जागा उशिरा मिळाली, वीजखांब हलले नाहीत, तरी उशिराचा दंड आमच्यावर लावला. कापू शकतात का?

करारात ठरलेला दंड आपोआप वसूल होतो, असा समज दोन्ही बाजूंना असतो. तो बरोबर नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. मिळते ती वाजवी भरपाई. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुळात नुकसानच झालं नसेल, तर या कलमाखाली भरपाई नाही. नुकसान मोजणंच अवघड असेल, तर मात्र आधी ठरवलेली वाजवी रक्कम मिळू शकते. सार्वजनिक रस्ता-पुलाच्या कामात खातं हाच मुद्दा पुढं करतं. तेव्हा तुमचा खरा बचाव हा, की उशीर कुणामुळे झाला.

तो सिद्ध होतो अडथळा नोंदवहीने (काम कशामुळे, किती दिवस अडलं याची नोंद) आणि पत्रांनी. पत्र कसं असावं, तर असं :

'कि.मी. २/४०० ते २/९०० या लांबीतील सात वीजखांब अद्याप हललेले नाहीत. त्यामुळे दि. ३ जानेवारीपासून या लांबीतील खडीकरण बंद आहे. एक रोलर, एक ग्रेडर व बारा मजूर जागेवर थांबून आहेत. जागा मोकळी मिळेपर्यंतचा काळ कामाच्या मुदतीतून वगळावा. या विलंबामुळे होणाऱ्या खर्चाची मागणी करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.'

शेवटचं वाक्य गाळू नका. करार अधिनियमाच्या कलम ५५ चा अर्थ असा, की ठरलेल्या वेळेनंतरचं पालन कुणी मुकाट्याने स्वीकारलं, तर त्या विलंबाची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. ठेकेदाराच्या दाव्यांनाही हे लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सर्वेश चोप्रा प्रकरणात (२००२) म्हटलं आहे. 'मुदतवाढ मिळावी, भरपाई मागणार नाही' असा छापील मजकूर मुदतवाढीच्या अर्जासोबत पुढं येतो आणि घाईत सही होते. तिथं नाही तर निदान पुढच्या पत्रात हरकत नोंदवा.

पत्रावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. लिपिकाने घेतलं नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. 'पत्र दिलं तर साहेब नाराज होतील' ही भीती खरी आहे, ती मी हलकी मानत नाही. पण ज्यांची नाराजी टाळायची ते साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात, आणि नवे साहेब फाईल बघून बोलतात.

अंतिम बिलावर 'काहीही मागणी शिल्लक नाही' असं लिहून द्यावंच लागतं. मग पुढं दावा करता येतो का?

सही स्वखुशीने झाली असेल तर दावा संपला. सही दबावाखाली झाली असेल तर संपत नाही. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब (२००९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रकार सविस्तर घेतला आहे : मान्य असलेली रक्कमसुद्धा पूर्ण-अंतिम पावती दिल्याशिवाय सोडत नाहीत आणि ठेकेदार आर्थिक कोंडीत सही करतो. अशी पावती पुढच्या दाव्याला आडवी येत नाही. पण कोंडी होती हे दाखवावं लागतं.

एमबीच्या पानावर 'मोजमापे मान्य' या शब्दांखाली सही करताना शेजारी 'हरकतीसह स्वीकारले' एवढं लिहू दिलं तर लिहा. लिहू दिलं नाही तर पैसे खात्यात आल्यावर दोन-चार दिवसांत पत्र द्या, की अमुक बाबी वगळल्या आहेत आणि सही बिल अडू नये म्हणून केली होती. हेच पत्र आठ महिन्यांनी दिलं तर त्याची किंमत फार कमी राहते.

बिल थकलंय. किती दिवस वाट बघायची?

वाट बघा, पण दिनदर्शिका डोळ्यासमोर ठेवून. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १८ प्रमाणे, पैसे देण्याची वेळ ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. तुम्ही दर सहा महिन्यांनी स्मरणपत्रं पाठवत राहिलात म्हणून ही मुदत वाढत नाही. वाढते ती समोरच्याच्या लेखी, सही असलेल्या कबुलीने (कलम १८), आणि तीही तीन वर्षं संपण्याच्या आत मिळालेली असली तरच. मुदत संपल्यावर आलेलं 'निधी उपलब्ध होताच देऊ' हे पत्र या कलमाखाली उपयोगाचं नाही.

म्हणून दरवर्षी मार्चनंतर कार्यालयाकडून थकीत देयकांचं विवरण सहीनिशी मागून घ्या. देत नसतील तर माहिती अधिकारात एमबीच्या प्रती, देयक नोंदवहीची पानं आणि निधी मागणीची पत्रं काढा. निधी मागताना खात्यानेच मंत्रालयाला लिहिलेल्या पत्रात तुमच्या कामाची रक्कम असते. तो भक्कम पुरावा ठरतो.

जलजीवन मिशन आणि इतर योजनांची बिलं अडकल्याने २०२५ मध्ये राज्यभरातले ठेकेदार रस्त्यावर आले. संघटनेचा दबाव जरूर आणा. पण आंदोलन सुरू आहे म्हणून मुदत थांबत नाही.

बी-१ करारात लवाद आहे ना?

नाही. बी-१ म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाचा छापील करारनामा. त्याच्या कलम ३० मध्ये अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम असं लिहिलेलं असतं, म्हणून अनेकजण त्याला लवाद समजतात आणि उच्च न्यायालयात लवाद नेमण्याचा अर्ज करून वर्षं घालवतात. विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम लवादाचं नाही असं ठरवलं आहे. अधीक्षक अभियंत्याकडे दाद मागा, नोंद राहते. त्याने समाधान झालं नाही तर दिवाणी न्यायालय.

लवादाचं खरंखुरं कलम असेल, पण लवाद समोरचाच नेमणार असेल तर?

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, सेंट्रल ऑर्गनायझेशन फॉर रेल्वे इलेक्ट्रिफिकेशनच्या प्रकरणात, सार्वजनिक संस्थांच्या करारांत एका बाजूने एकतर्फी एकमेव लवाद नेमण्याची तरतूद समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. अशी नेमणूक आली तर लगेच लेखी हरकत घ्या आणि लवाद अधिनियम, १९९६ च्या कलम ११ खाली उच्च न्यायालयात जा. मुदतीच्या हिशोबासाठी कलम २१ ची नोटीस महत्त्वाची आहे : ती समोरच्याला मिळाली त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात. आणखी एक : करारात 'व्याज मिळणार नाही' असं स्पष्ट असेल, तर निवाड्याआधीच्या काळाचं व्याज लवाद देऊ शकत नाही. निविदेतलं हे वाक्य कोटीच्या दाव्यात काही लाखांचा फरक पाडतं.

दिवाणी दावा करायचा, की उच्च न्यायालयात रिट?

रक्कम खात्याने लेखी मान्य केली आहे, मोजमापावर वाद नाही, अडलंय ते फक्त निधीवर, अशी स्थिती असेल तर रिट याचिका विचारात घेण्यासारखी आहे. मोजमाप, दर्जा, जादा काम यांवर वाद असेल तर रिटमध्ये पुरावा तपासत नाहीत, दावाच लावा.

बांधकाम करारांचे वाद हे व्यावसायिक न्यायालये अधिनियम, २०१५ मध्ये 'व्यावसायिक वाद' म्हणून येतात. किंमत तीन लाख किंवा जास्त हवी. तातडीचा मनाईहुकूम नको असेल तर आधी कलम १२अ ची मध्यस्थी सक्तीची आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात होते. न केल्यास दावा फेटाळला जातो. शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या कायद्यांत नोटीस आणि मुदतीच्या वेगळ्या तरतुदी आहेत, काही ठिकाणी मुदत फारच कमी आहे. तीन वर्षं आहेत असं धरून बसू नका, वकिलाकडून आधी तपासून घ्या.

उद्यम नोंदणी आहे. ४५ दिवसांत पैसे आणि चक्रवाढ व्याज मिळेल ना?

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) विकास अधिनियम, २००६ मध्ये ४५ दिवसांची कमाल मुदत आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, हे खरं. पण मजुरी आणि माल एकत्र असलेलं बांधकामाचं कंत्राट या कायद्यात बसत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत घेतली आहे. त्यामुळे महाराष्ट्रात एकट्या सुकरता परिषदेवर (या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणारी परिषद) भिस्त ठेवून मुदत जाऊ देऊ नका. नुसता पेव्हर ब्लॉक, पाईप किंवा रेडी मिक्स पुरवला असेल तर मात्र ही वाट चांगली आहे.

बँक गॅरंटी वटवायला निघालेत. थांबवता येईल?

बहुतेक वेळा नाही. गॅरंटी हा बँकेचा स्वतंत्र करार आहे. ढळढळीत फसवणूक किंवा भरून न येणारं नुकसान दाखवलं तरच न्यायालय स्थगिती देतं. एक गोष्ट मात्र तपासा : मागणीपत्र गॅरंटीच्या शब्दांप्रमाणेच आहे का, योग्य अधिकाऱ्याचं आहे का, मुदतीत आहे का. तिथं चूक असेल तर बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा.

काळ्या यादीत टाकण्याची नोटीस आली आहे.

घाबरू नका आणि उत्तर चुकवू नका. काळ्या यादीत टाकण्याआधी तसा हेतू नोटिशीत स्पष्ट लिहिलेला हवा. 'कारवाई का करू नये' एवढं मोघम पुरत नाही, हे गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस (२०१४) निकालात ठरलं आहे. कायमची बंदीही चालत नाही, काळ चुकीच्या प्रमाणात हवा. उत्तरात रागाचं एकही वाक्य नको. तारीख, पत्र क्रमांक, चाचणी अहवाल एवढंच लिहा आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा. आदेश आलाच तर लगेच उच्च न्यायालयात जा, कारण पुढच्या प्रत्येक निविदेत तो जाहीर करावा लागतो.

मजूर स्लॅबवरून पडून गेला. कुटुंबाला आम्ही पैसे दिले, कागद केला. आता केस कशी होऊ शकते?

इथं थोडं थांबून वाचा, कारण या एका बाबतीत चांगल्या मनाच्या ठेकेदारांचंही फार नुकसान होतं आणि मजुराच्या कुटुंबाचंही.

मृत्यूची भरपाई वारसांना परस्पर देता येत नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात कामगार भरपाई आयुक्त) जमा करावी लागते. मुकादमाच्या मध्यस्थीने गावी जाऊन दोन लाख दिले आणि शंभरच्या स्टॅम्पवर अंगठे घेतले, तर कायद्याच्या नजरेत ती भरपाई दिलीच गेली नाही. पुढं विधवेने अर्ज केला की पूर्ण रक्कम पुन्हा भरावी लागते.

ती किती? मृत्यूसाठी महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणांक. मजूर तीस वर्षांचा, मजुरी महिना १५,००० धरली, तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे सुमारे १५ लाख ६० हजार. महिन्याभरात जमा केली नाही तर १२ टक्के व्याज आणि कारणाशिवाय उशीर केला तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. 'तो प्यायला होता', 'हेल्मेट दिलं होतं, घातलं नाही' हा बचाव मृत्यूच्या किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाही. मजूर मुकादमाचा होता म्हणूनही सुटका नाही. आधी मुख्य ठेकेदार किंवा मालक भरतो, मग खालच्याकडून वसूल करतो.

विमा घ्या, आणि पॉलिसीत साईटवरच्या खऱ्या संख्येएवढे मजूर दाखवा. वीस मजूर असताना आठ दाखवले, तर अपघातानंतर विमा कंपनी साईटचं मस्टर (हजेरीपट) मागते. भरपाईवरचा दंड विमा कंपनी देत नाही.

फौजदारी बाजू वेगळी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यूसाठी कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना पुरेशी काळजी न घेणं हा कलम २९० खाली स्वतंत्र गुन्हा आहे, अपघात झाला नाही तरी. भरपाई दिली म्हणून गुन्हा मिटत नाही.

आणि साईट म्हणजे फक्त स्लॅब नाही. २९ जून २०१९ ला पुण्याच्या कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जीव गेले, लहान मुलांसह. पावसाळ्याआधी आपले मजूर कुठं झोपतात, डोक्याशी कुणाची भिंत आहे, खोदाईचा कड किती लांब आहे, हे स्वतः जाऊन बघा. सुपरवायझरवर सोडू नका.

मजुरांच्या नोंदणीचं आणि उपकराचं नेमकं काय करायचं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि बांधकाम कामगार, कंत्राटी कामगार, वेतन, भरपाई यांचे जुने कायदे त्यांत मिसळले गेले. परवाना आणि नोंदणीची आजची पद्धत कामगार कार्यालयातून खात्री करून घ्या. व्यवहारात लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा : बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार कल्याण उपकर, जो सरकारी बिलातून कापला जातो. कापला की त्याचा दाखला मागून ठेवा. मजुरी मासिक असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडणाऱ्याला दोन कामकाजाच्या दिवसांत. मुकादमाला दिलेली उचल म्हणजे मजुराला दिलेली मजुरी नव्हे. मुकादम पळाला तर मजूर तुमच्याकडे मागू शकतात, म्हणून शक्य तिथं पैसे मजुराच्या खात्यात टाका.

बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंद व्हायला मजुराला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते द्यायला अनेक ठेकेदार कचरतात. खरं काम केलेल्याला ते द्या. उपकर तुमच्या बिलातून गेलेलाच आहे, त्याचा लाभ त्या घरापर्यंत पोचायला तुमची एक सही लागते.

दुसऱ्याच्या नावावर निघालेलं काम मी करतोय. खात्याकडून पैसे मागता येतील?

नाही. तुमचा करार मूळ ठेकेदाराशी आहे, खात्याशी नाही. बहुतेक सरकारी करारांत परवानगीशिवाय पोटठेका द्यायला मनाई असते, त्यामुळे हे उघड झालं तर मूळ करारच धोक्यात येतो आणि तुमचे पैसे त्याच्यासोबत बुडतात. मूळ ठेकेदाराशी लेखी करार करा आणि 'वरून आले की देऊ' या अटीला किमान एक अंतिम तारीख जोडा.

मुरूम-वाळूच्या रॉयल्टीवरून तहसीलदारांची नोटीस आली.

वाहतूक पास नसलेला प्रत्येक ब्रास तुमच्या अंगावर येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहनही जप्त होतं. पुरवठादाराकडून माल घेतला असेल तर त्याची पावती आणि पास बिलासोबतच घ्या, नंतर मिळत नाहीत. पास दिले तर बिलातून रॉयल्टीची कपात टळते. दोन्हीकडून वसुली झाली असेल तर कपातीचा दाखला जोडून उत्तर द्या.

बंगल्याचा मालक ग्राहक आयोगात गेला आहे. आणि परवानगीपेक्षा जास्त बांधकाम त्यानेच करायला लावलं होतं.

घरबांधणी ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवा आहे, त्यामुळे तक्रार चालते. मुदत दोन वर्षं. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमच्या बचावाचे कागद म्हणजे सिमेंट-स्टीलची बिलं, क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे) अहवाल आणि मालकाने मागितलेल्या बदलांचे मेसेज. बिल्डरकडे काम करत असाल तर रेरा (स्थावर संपदा) कायद्याची पाच वर्षांची संरचनात्मक दोषांची जबाबदारी बिल्डरची असते, पण तो ती करारातून तुमच्यावर ढकलतो. ते कलम वाचून, आरसीसी डिझाइन कुणाचं होतं हे त्यात लिहून घ्या.

जादा बांधकामाबाबत 'मालकाने सांगितलं' हे उत्तर चालत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ मध्ये स्वतःहून किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून बांधकाम करणारा असे स्पष्ट शब्द आहेत. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशाची प्रत हातात आल्याशिवाय चुना टाकू नका.

बिलच मिळालं नाही, जीएसटी भरायचा का?

ते करारातल्या देयकाच्या कलमावर ठरतं. देण्याची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेला कर बीजक (टॅक्स इनव्हॉइस) काढावं लागतं. टप्प्याला जोडलेलं असेल तर टप्पा पूर्ण झाल्यावर. तारीख ठरवताच येत नसेल तर पैसे मिळतील तेव्हा. सीएला फक्त बँक स्टेटमेंट देऊ नका, कराराचं ते पान द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुरावा म्हणून चालतात का?

चालतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन विकू नका, चॅट पुसू नका. फोटो तारीख आणि स्थान दिसेल असे काढा.

आमची भागीदारी नोंदलेली नाही. अडचण येईल?

येईल. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ मुळे नोंद नसलेल्या फर्मला करारावर दावा करता येत नाही. लवादाच्या कार्यवाहीला ही आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं आहे, पण बी-१ मध्ये लवाद नाही हे वर आलंच. नोंदणी आजच करा.

ठेकेदाराचा मृत्यू झाला तर थकीत बिलं आणि अनामत कुणाला मिळते?

कायदेशीर वारसांना. झालेल्या कामाचे पैसे मृत्यूने बुडत नाहीत. वसुलीच्या दाव्यात हुकूमनामा मिळायला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र (सक्सेशन सर्टिफिकेट) लागतं, त्यात प्रत्येक थकीत बिल आणि अनामतीची रक्कम कामाच्या नावासह लिहा. भाऊ किंवा सुपरवायझरच्या नावे दिलेलं कुलमुखत्यारपत्र मृत्यूबरोबर संपतं, त्यावर पुढं सह्या करू नका. विमा आणि बँक गॅरंटीच्या तारखा चालूच राहतात, त्या पहिल्या आठवड्यात तपासा.

अर्धवट काम वारसांना पुरं करायचं असेल तर खात्याची लेखी परवानगी घ्या. करायचं नसेल तर ताबडतोब पत्र द्या, की आजपर्यंतच्या कामाचं संयुक्त मोजमाप आमच्या प्रतिनिधीसमोर करावं, साईटवरच्या सेंटरिंग प्लेटा, स्टील आणि खडीचा पंचनामा व्हावा, आणि तोवर जागा दुसऱ्या ठेकेदाराकडे देऊ नये. नवा ठेकेदार एकदा कामावर चढला, की कुणी किती केलं हे वेगळं काढता येत नाही.